ब्लॉकचेनवर सातबारा चढवण्याआधी गटातली माणसं मोजा

तुम्ही निफाड तालुक्यातल्या तुमच्या गावाबद्दल विचारलं आहे. एका कंपनीने ग्रामपंचायतीपुढे प्रस्ताव ठेवलाय. गटामागे, म्हणजे प्रत्येक गट नंबरच्या जमिनीमागे, ठरावीक रक्कम घेऊन गावातले सगळे सातबारे ब्लॉकचेनवर चढवायचे आणि खातेदारांना ‘डिजिटल मालकी प्रमाणपत्र’ द्यायचं. मग नोंदीला कोणी हात लावू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या ग्रामसभेत ठराव यायचाय. तुम्ही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहात, तंत्र तुम्हाला पटतं. घरी मात्र चुलते म्हणतात, ‘आपल्याच गटाचं अजून मिटलं नाही, त्यात हे कशाला?’ चुलते नव्याला बिचकतात म्हणून असं बोलतायत की त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, हा तुमचा प्रश्न.

मी नाशिकला २६ वर्षं महसुली दावे चालवते आणि जमिनींचे सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून केलेले अहवाल, लिहिते. माझ्या मते चुलते बरोबर आहेत. पण नुसतं ‘नको’ म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नाही, कारण या तंत्राचा उपयोग जिथे आहे तिथे तो खरोखरच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. तुमच्या गावाला भीती कशाची आहे? बरोबर लिहिलेला कागद उद्या कोणीतरी बदलेल याची, की कागदावर आज जे लिहिलंय तेच चुकीचं आहे याची? वरवर दोन्ही एकच वाटतात, पण त्यांची औषधं वेगळी आहेत. ब्लॉकचेन हे पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे. आपल्याकडची बहुतेक गावं दुसऱ्या दुखण्याने आजारी आहेत.

तंत्र तुम्हाला माहीतच आहे, पण ग्रामसभेत सांगायचं असेल तर मी असं सांगेन. एकच वही पन्नास गावांच्या चावड्यांत ठेवली आहे. एका वहीत नवी ओळ लिहिली की तीच ओळ सगळ्या वह्यांत उमटते, आणि प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा ठसा असतो. मग कोणी एका चावडीत रात्री बसून पान बदललं, तर उरलेल्या एकोणपन्नास वह्या त्याला खोटं पाडतात. आपल्या मुलखाला ही कल्पना परकी नाही. पूर्वी गोतसभेचा, म्हणजे गावातल्या जाणत्यांच्या सभेचा, निवाडा महजर नावाच्या लेखावर लिहिला जायचा तेव्हा हजर असलेले सगळे त्यावर साक्ष घालायचे. पाटील नांगराची निशाणी करायचा, बाकीचे आपापल्या धंद्याची. एवढ्या जणांनी डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट मागून एकट्याने फिरवता येऊ नये, हाच त्यातला हेतू. फरक एवढाच की महजरावर निशाणी करणाऱ्या माणसाला शेत, बांध आणि घरातली माणसं ठाऊक असायची. ब्लॉकचेनवरच्या संगणकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला जे दिलं ते तो जपून ठेवतो.

आता माझ्याकडचं एक प्रकरण सांगते. दिंडोरी तालुक्यातलं घर. वडील १९८३ साली वारले. वारस फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावणारी नोंद, झाला, त्यात तीन मुलांची नावं लागली. दोन मुली होत्या, दोघी लग्न होऊन गेलेल्या. त्यांची नावं आलीच नाहीत. तलाठ्याने जबाब घेतलेला, नोटीस चिकटवलेली, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केलेली. तो फेरफार मी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पाहिला. एक खाडाखोड नाही, एक सही खोटी नाही. कोणीही, कधीही, काहीही बदललेलं नव्हतं. आणि तरीही तो कागद दोन माणसांच्या बाबतीत खोटा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही वडिलांच्या हिश्श्यात मुलींना वाटा होता; २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला; आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. भावांनी जमीन विकायला काढली तेव्हा धाकटी बहीण माझ्याकडे आली. तिचं एकच वाक्य मला आठवतं, ‘ताई, मी सही केलीच नाही, तर मी गेले कुठे?’

तो १९८३ चा फेरफार जर ब्लॉकचेनवर असता, तर काय झालं असतं? तो तसाच, निष्कलंक, अढळ राहिला असता. उलट समोरचा पक्ष न्यायालयात म्हणाला असता की ही नोंद बदलताच येत नाही, म्हणजे ती खरी आहे. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. ‘बदललं नाही’ आणि ‘खरं आहे’ यांची गल्लत शिकलेली माणसंही करतात, मग गावातल्या साध्या माणसाने केली तर नवल नाही.

दुसरा प्रकार तुमच्या चुलत्यांच्या बोलण्यात दिसतो. निफाडच्या बागायती पट्ट्यात मी हे फार पाहते. सातबाऱ्यावर चार भाऊ, क्षेत्र सामाईक. प्रत्यक्षात आजोबांनीच कधीतरी बांधावर उभं राहून वाटण्या करून दिलेल्या. कोणाला विहिरीकडची बाजू, कोणाला ओढ्याकडची. प्रत्येकाने आपल्या तुकड्यात द्राक्षबाग उभी केली, मांडवाला कर्ज काढलं, सोसायटीचा बोजा चढला. कागदावर मात्र त्या वाटणीचा मागमूस नाही. मग एक जण आपला अविभक्त हिस्सा विकतो आणि खरेदीखतात चतु:सीमा लिहितो विहिरीकडच्या बाजूच्या. भांडण तिथून सुरू होतं. शिवाय एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा क्षेत्राचे आणि नकाशांचे काही घोळ झाले, ते अनेक गावांत अजून तसेच पडून आहेत. सातबारा म्हणतो १ हेक्टर ६० आर, मोजणीत भरतं दीड हेक्टर. अशा गटाची नोंद ब्लॉकचेनवर गेली, तर जो १० आरचा वाद बांधावर आहे तो बांधावरच राहतो. बांध कुठे आहे हे टेप, टिपण, फाळणी नकाशा आणि हल्ली रोव्हर हे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र सांगतं, ब्लॉकचेनची साखळी नाही.

इथे कायद्याची मूळ बाजूही समजून घ्या, कारण कंपनीच्या ‘मालकी प्रमाणपत्र’ या शब्दांवर माझा खरा आक्षेप आहे. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्त नोंदला जातो, मालकीची हमी दिली जात नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीच्या सरकारी हक्कनोंदीतली, नोंद खरी मानायची. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा. म्हणजे ज्या सातबाऱ्याला स्वतःला मालकीची हमी देता येत नाही, त्याची प्रत ब्लॉकचेनवर टाकून ती हमी कुठून येणार?

याहून खोल अडचण वेगळीच आहे. बिटकॉइनसारख्या गोष्टीत साखळीवरची नोंद हीच मालकी. साखळीबाहेर काही घडतच नाही. जमिनीचं तसं नाही. खातेदाराने शेवटचा श्वास घेतला त्या क्षणी हक्क वारसांकडे जातो, नोंद झालेली असो वा नसो. कोर्टाच्या हुकूमनाम्याने हक्क बदलतो. रस्त्यासाठी भूसंपादन झालं की बदलतो. बारा वर्षं उघडपणे, मालकाच्या विरोधात ताबा ठेवला तर प्रतिकूल कब्जाचा दावा उभा राहतो. हे सगळं साखळीच्या बाहेर घडतं. ते आत आणायला कोणीतरी माणूस लागतोच, आज तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि वर मंडळ अधिकारी. म्हणजे विश्वास ठेवायचा तो अखेर माणसावरच. ती डिजिटल सही करण्याचं टोकन, म्हणजे संगणकाला लावायचं छोटं उपकरण, कोणाच्या खिशात आहे, अधिकाऱ्याच्या की त्याच्यासाठी काम उरकणाऱ्या मदतनिसाच्या, हा प्रश्न मला कुठल्याही साखळीपेक्षा जास्त छळतो. खातेदाराच्या बाजूनेही तेच. साखळीवर व्यवहार करायची सत्तर वर्षांच्या आजीची गुप्त किल्ली तिच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल पुतण्याच्या हातात.

मग उपयोग कुठे आहे? आहे, आणि मी तो प्रत्यक्ष गमावलेला पाहिलाय. काही वर्षांपूर्वी एका दाव्यात आम्हाला १९६० च्या दशकातला एक फेरफार हवा होता. आमच्या पक्षकाराच्या आजोबांचं कूळ म्हणून नाव लागल्याचा तो एकमेव पुरावा. अर्ज केला, शोध घेतला गेला, आणि उत्तर आलं की त्या वहीची ती पानं जीर्ण होऊन गहाळ झाली आहेत. आधीचं पान होतं, नंतरचं होतं. तो खटला आम्ही दुय्यम पुराव्यावर कसाबसा लढवला. त्या पानाचा फोटो आणि त्याचा ठसा कुठेतरी वेळेसकट गोठवलेला असता तर त्या घराची अनेक वर्षं वाचली असती. असे प्रसंग माझ्या कामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. वारस, वाटणी आणि हद्द यांच्या फायलींनी मात्र कपाट भरलंय. पण ज्याचं पान गहाळ होतं त्याला बाकीच्यांची गणती सांगून काय समाधान मिळणार? म्हणून जुन्या नोंदी गोठवण्याचं काम मला मनापासून पटतं.

आणि त्याला आता कायद्याचा आधारही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायला जागाच दिली आहे. एसएचए-२५६ ही हॅश काढण्याची पद्धत त्यात नावानिशी आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर बदललं तरी अंगठा जुळत नाही. गावाने जुने फेरफार, कडई पत्रकं, टिपणं असल्या जमिनीच्या जुन्या कागदांच्या प्रमाणित नकला घेऊन स्कॅन केल्या, त्यांचे अंगठे काढले आणि ते साखळीवर टाकून ठेवले, तर वीस वर्षांनी ‘हा कागद तेव्हा असाच होता’ एवढं ठामपणे दाखवता येईल. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण कागदाची ओळख पक्की होते. मात्र साखळीवर अंगठाच जावा, कागद नव्हे. नावं, आधार क्रमांक, कर्जाचे बोजे असलं काही सार्वजनिक साखळीवर एकदा गेलं की परत घेता येत नाही.

बाहेरचे अनुभवही हेच सांगतात. होंडुरासमध्ये २०१५ साली जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर नेण्याचा मोठा गाजावाजा झाला आणि काम तिथेच अडलं. जॉर्जिया देशात २०१६-१७ मध्ये ते चाललं, कारण तिथलं नोंदणी खातं आधीच सुधारलेलं आणि संगणकीकृत होतं; साखळीने फक्त वर शिक्का मारला. आपल्या देशात आंध्र प्रदेशात २०१७ मध्ये एका स्वीडिश कंपनीसोबत प्रयोग सुरू झाला. आपल्याच राज्यात गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर घेतले. ते उदाहरण मला उद्बोधक वाटतं. दाखला एकदा दिला की तो बदलण्याची सहसा गरज नसते, आणि तो खोटा आहे का एवढंच तपासायचं असतं. सातबारा तसा नाही, तो जिवंत कागद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणात नोंदणी आणि मालकी यांतली दरी दाखवत ब्लॉकचेनचा विचार व्हावा असं सुचवलं, आणि बहुधा त्याचाच हवाला तुमच्या ग्रामसभेत दिला जाईल. तो विचार सरकारने आणि विधी आयोगाने करायचा आहे, कायदा बदलून. खाजगी कंपनीने ग्रामपंचायतीच्या ठरावावर मालकीची प्रमाणपत्रं वाटावीत असा त्याचा अर्थ नाही. अधिकार अभिलेख ठेवण्याचा अधिकार महसूल खात्याचा आहे, ग्रामपंचायतीला तो कोणालाही देता येणार नाही.

उत्तर गावागावाप्रमाणे बदलतं, हेही सांगायला हवं. तुमच्या गावात पुनर्मोजणी झालेली असेल, वारस नोंदी अद्ययावत असतील, पोटहिस्से नकाशावर आले असतील, तर साखळीचा शिक्का मारायला हरकत नाही. आदिवासी पट्ट्यातल्या सुरगाणा किंवा पेठमधलं गाव असतं तर मी अधिक कडक बोलले असते. तिथे आदिवासी खातेदाराची जमीन संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ च्या संरक्षणाखाली आहे. परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीकडे जाऊच शकत नाही. वनहक्क कायद्याखालचे पट्टे वारसाने मिळतात, पण विकता येत नाहीत, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे असतात. अशा जमिनीचा ‘टोकन’, म्हणजे साखळीवरचं तिचं डिजिटल रूप, मोबाइलवर हस्तांतरित होऊ लागला, तर कायद्याने तो व्यवहार रद्दच, पण पैसे आणि ताबा तोवर गेलेले असतात. २०१८ च्या मार्चमधल्या शेतकरी मोर्चात ज्या पायांनी नाशिकहून मुंबई गाठली त्यांच्या मागण्यांत हे पट्टेही होते. त्यांच्या कागदाशी प्रयोग करायचा असेल तर फार जपून.

तुमच्या ग्रामसभेसाठी मी काय करेन ते सांगते. ठराव फेटाळू नका, बदला. कंपनीला द्यायच्या पैशांतून आधी गावाचं चावडी वाचन नीट घडवून आणा. गटवार सातबारा मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक नावाला तीनच प्रश्न: हा माणूस हयात आहे का, नसेल तर त्याचे सगळे वारस कोण, आणि शेत प्रत्यक्ष कोण कसतं. मयतांची नावं निघाली की संहितेच्या कलम १४९ खाली वर्दी द्या, म्हणजे तलाठ्याला वारसांची माहिती कळवा. तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून नोंद होत नाही असं नाही. वारसांत मुली, विधवा सुना, मयत मुलाची मुलं आहेत ना, हे वर्दी देतानाच पाहा. कोणी हक्क सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. भाऊबीजेच्या ताटात ‘दादा, मला काही नको’ म्हटल्याने हक्क सुटत नाही आणि तिच्यावर तसं म्हणायची वेळही आणू नये. नोंद प्रमाणित होण्याआधी कलम १५० ची नोटीस आणि हरकतीचे १५ दिवस असतात, ते फक्त कागदावर उरकू देऊ नका.

त्यानंतर तुमच्या घरासारख्या गटांसाठी कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज, सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीने. संमती नसेल तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा, आणि तो लांब आहे हे चुलत्यांना मोकळेपणाने सांगा. पुष्कळदा तेवढ्यानेच माणसं पुन्हा एका ओट्यावर बसतात. वाटप करताना तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडा किमान केवढा हवा, ते पाहून घ्या. मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी. हे सगळं झालं की त्या फेरफाराची, वाटप आदेशाची आणि मोजणी नकाशाची नक्कल स्कॅन करून तिचा अंगठा खुशाल साखळीवर टाका. हे काम तुमच्यासारख्या पोराला एका रविवारी जमेल, गटामागे पैसे मोजायची गरज नाही.

कंपनीला मात्र दोन गोष्टी लेखी विचारा. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा तहसीलदारांचा किंवा कोर्टाचा आदेश आला तर साखळीवर काय होईल? आणि कंपनी बंद पडली तर ती पन्नास चावड्यांतली वही कोण चालवणार? पन्नासही चावड्या त्यांच्याच एका सर्व्हरवर असतील, तर ती एकच वही आहे आणि तिची किल्ली त्यांच्याकडे आहे.

चावडी वाचनाची तारीख ठरवताना एक ध्यानात ठेवा. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत निफाडमध्ये एरवी कोणी चावडीवर येणार नाही, आणि पावसाळ्यात मोजणी होणार नाही. तरी मी असते तर छाटणीतूनही भाऊबीजेचा दुसरा दिवस साधला असता. त्या दिवशी गावातल्या लेकी माहेरी असतात. दवंडी देताना त्यांना नाव घेऊन बोलवा.